वाणाची बाटली

द्वारका, दिल्ली, १६ जानेवारी २०१९

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवणार, हे मला माहीत आहे. ठेव. पण फेकू नकोस. फोन केला की दादा उचलतो, माझा आवाज ऐकतो आणि ठेवून देतो. सख्ख्या बहिणीचा आवाज. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला बंद करून ठेवलंयस. मग राहिलं काय, तर पोस्ट. सांगलीला पत्र पोचायला किती दिवस लागतात, तेही आता मला आठवत नाही.

परवा आपल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतला जाऊन आले. तू इथे होतीस तेव्हा आपण दर वर्षी जायचो, तू खिडकीत आणि मी तुझ्या शेजारी, आणि सोनीपत यायच्या आतच तुझा गुळपोळीचा डबा उघडायचा. या वर्षी थंडी अशी होती की काला अंबच्या त्या लढाईच्या स्मारकस्तंभापाशी उभं राहिल्यावर बोटं हातमोज्यातसुद्धा दुखायला लागली. धुकं इतकं की भाषण करणारा दिसेना, नुसता आवाज. पण सांगायची गोष्ट ती नाही.

परतीच्या वाटेवर माझ्या मागच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. एक आपल्याच सेक्टरमधली जुनी, नाव सांगत नाही, तुला कळेलच. दुसरी नवीन, नवरा नुकताच मंत्रालयात बदलून आलेला. जुनी नवीला मंडळाची खबरबात देत होती. म्हणते कशी, "तुला माहीत नाही? आपल्याकडच्या एकीने हळदीकुंकवाला वाण म्हणून मूडच्या कॅप्सूल वाटल्या होत्या. हर्बल म्हणे. भावजयीलाही दिल्या. आणि भावजय आधीच डॉक्टरच्या डिप्रेशनच्या गोळ्या घेत होती. दोन्ही एकत्र पोटात गेलं, चार दिवसांत अंग थाडथाड उडायला लागलं, ताप, घाम, काही भान नाही. सीधा आयसीयू."

नवी म्हणाली, "मग आधी विचारायचं नाही का?"

"विचारते कोण? धंदा करायचा होता ना तिला."

मी समोर बसलेय हे त्या बाईला ठाऊक नव्हतं, कारण मी डोक्यावरून शाल घेतली होती. मनात आलं, वळावं आणि म्हणावं, अगं बये, विचारलं होतं मी. भरल्या घरात विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. पण तसं म्हटलं असतं तर तुझं नाव निघालं असतं, आणि तू खोटं बोललीस असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणून गप्प बसले. तीन वर्षं गप्पच बसलेय, वहिनी. कुणासाठी, ते तुला माहीत आहे.

तुला बहुतेक त्या दिवसांतलं फारसं आठवत नसेल. मला सगळं आठवतं. हॉस्पिटलमधले डॉक्टर सारखे विचारत होते, "ये कोई दवाई लेती हैं?" आणि दादा सारखा सांगत होता, "नहीं साहब, मेरी वाइफ सर्दी की गोली भी नहीं लेती." मला तुझ्या घरी कपडे आणायला पाठवलं. तुझा गाऊन सापडेना म्हणून मी शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडला आणि बॉबिनांच्या खाली ती डिप्रेशनच्या गोळ्यांची पट्टी दिसली. अर्धी संपलेली. मी पट्टी उचलली, तुझ्या ओट्यावरची वाणाची बाटली उचलली आणि रिक्षाने परत आले. दोन्ही डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं मात्र, लगेच नर्सला हाक मारली. त्या पट्टीमुळे तुझ्यावर नीट उपचार झाले, हे दादा कधी बोलत नाही. त्याच पट्टीमुळे तुझं गुपित फुटलं, तेवढं मात्र त्याने धरून ठेवलंय.

आणि मग तुला बरं वाटायला लागल्यावर, तुझ्या कॉटपाशी, दादा मला म्हणाला, "न विचारता दिलंस?"

मी म्हटलं, "विचारलं होतं, दादा."

तो तुझ्याकडे वळला. "अरुणा, हिने तुला विचारलं होतं?"

तू छताकडे बघत होतीस. मग मान हलवलीस. नाही.

मला एवढंच हवंय. दादाला सांग की पद्माने विचारलं होतं. बाकी काही मागत नाही. बाहेरच्यांना काय वाटतं ते गेलं खड्ड्यात. पण एकुलता एक भाऊ मला खुनशी समजून बसलाय, आणि हे गेले तेव्हासुद्धा त्याने दोन ओळींचा मेसेज टाकला, आला नाही. एक वाक्य सांग त्याला. तुझं त्यात आता काय जाणार आहे?

पद्मा

द्वारका, १३ फेब्रुवारी २०१९

वहिनी,

तुझं उत्तर नाही. अच्छा. अपेक्षाही नव्हती. तरी रोज खाली वॉचमनला विचारते की मेरी कोई डाक आई क्या, आणि तो बिचारा आता मला बघितलं की लांबूनच हात हलवतो.

काल रथसप्तमी झाली. म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस संपले. सोसायटीतल्या पोरींनी मला बोलावलं होतं, नाही असं नाही. "काकू, तुम्ही पण या हं, आम्ही काही मानत नाही." पण सगळ्यांना कुंकू लावून झाल्यावर माझ्यापाशी येऊन हात अडखळतो, मग त्या पटकन तिळगूळच पुढे करतात. हे गेल्यापासून पहिलीच संक्रांत. गेले नाही. घरी बसून टीव्ही लावला आणि आवाज बंद करून ठेवला.

बसून बसून तेच आठवत राहिलं. माझं त्या वर्षीचं हळदीकुंकू.

तू म्हणशील, तुला धंदा सुचला कुठून. ऐक. हे रिटायर झाले, अविनाश गुडगावला गेला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळी झाले. करोल बागेतल्या एका हॉलमध्ये त्या कंपनीचं भाषण ऐकलं. फुलांचा अर्क, जडीबुटी, साइड इफेक्ट बिल्कुल नाही, घरबसल्या बायकांना काम. माझ्यासारख्या पन्नास-साठ बायका टाळ्या वाजवत होत्या. मला खरंच पटलं होतं, वहिनी. मी स्वतः घेऊन बघितल्या, मला झोप चांगली लागली. चांगली गोष्ट आपल्या माणसांना द्यावी, एवढंच. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आपण वरखाली राहायचो, तेव्हा घरात चांगली कैरी आली तरी अर्धी तुझ्या डब्यात पडायची. तसंच.

आणि वाण म्हणजे उपयोगाचंच द्यावं ना. दर वर्षी त्याच प्लास्टिकच्या वाट्या आणि कंगवे. म्हणून कंपनीच्या छोट्या बाटल्या घेतल्या, लाल रिबन बांधली. तूच शेजारी बसून रिबनी कापल्या होत्यास. मग मला सांग, माझी चूक कुठे झाली?

मी विचारलं होतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की मनाच्या आजारावरची औषधं चालू असतील तर घेऊ नये, डॉक्टरला विचारावं. ते मी वाचलं होतं. तेवढी अक्कल मला होती. म्हणून तर आमच्या घरच्या हॉलमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बायांनो, आपल्यात कुणी वेड्याच्या डॉक्टरकडे जात नाही ना? जात असाल तर आधीच सांगा, तुमची बाटली मी परत घेणार!" सगळ्या हसल्या. मी एकेकीला बाटली देत होते आणि विचारत होते, थट्टेत, पण विचारत होते. तुझ्यापाशी आले तेव्हा म्हटलं, "काय वहिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? डिप्रेशनबिप्रेशनच्या गोळ्या तर नाहीत ना?" तू हसलीस, ओटी पुढे केलीस आणि म्हणालीस, "मला काय धाड भरलीय."

हे तुझे शब्द आहेत. मी मनाचे जोडत नाही. साक्षीला अख्खा हॉल होता. हेमलता होती, पलीकडच्या टॉवरमधल्या सगळ्या होत्या. विजयालक्ष्मीबाई तर तुझ्या शेजारीच सोफ्यावर बसल्या होत्या, त्यांच्या भाच्याचं तुझ्या अहिल्येशी लग्नाचं बोलणं चाललं होतं म्हणून मीच त्यांना मानाची जागा दिली होती. त्यांनी ऐकलंय. हवं तर आजही त्यांना फोन करून विचार.

मग हॉस्पिटलमध्ये मान का हलवलीस? हे मला समजत नाही. लोकांसमोर खोटं बोललीस ते एक वेळ ठीक, पण सगळं उघडं पडल्यावरसुद्धा? दादा तुझ्यावर रागावला नव्हता. तो रडत होता. तेव्हा एक हो म्हणाली असतीस तर मी उभी राहिले असते. तू मला तोंडघशी पाडलंस.

आणि मुळात तुला कसल्या गोळ्या लागल्या, तेही मला कळलं नाही. चांगला नवरा, शिकलेली मुलगी, स्वतःचं घर. दुपारी मी आले की तू पडद्याआड पडलेली असायचीस हे खरं. मी तुला ओढून बाजारात न्यायची, सरोजिनीला, स्वेटर बघायला. तू निमूट यायचीस. मला वाटायचं, चला, हिला बरं वाटलं. तूही तसंच म्हणायचीस.

असो. आज जरा जास्तच लिहिलं. अविनाश आठवड्याला एकदा येतो आणि म्हणतो, आई, तू बारीक झालीस. म्हटलं, वयच झालंय.

पद्मा

द्वारका, ९ मार्च २०१९

वहिनी,

हे पत्र पाठवेन की नाही माहीत नाही. मागच्या दोन पत्रांत एक गोष्ट सांगितली नव्हती. तुझ्यावर फिर्याद मांडताना ती सांगणं सोयीचं नव्हतं.

मला काही बरं नाही. हे गेल्यापासून नाही. चहा टाकते आणि ओट्यापाशी उभी राहते, चहा उतू जातो तरी उभीच. आंघोळ करायची जिवावर येते. मी, वहिनी. जी सकाळी सहाला पाणी यायच्या आत बादल्या मांडून बसायची, ती. सोसायटीतली कुणी दार वाजवलं तर आतून आवाज देत नाही. आणि संध्याकाळी, हे ऑफिसातून यायचे त्या वेळेला, छातीत काहीतरी असं बसतं की श्वास पुरत नाही. यांना रिटायर होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी तीच वेळ.

अविनाशने ओळखलं. त्याने न सांगता जनकपुरीच्या एका डॉक्टरची वेळ घेतली. बाई आहेत, चाळिशीच्या, पंजाबी, बोलायला चांगल्या. मी मुकाट्याने गेले. अविनाश शेजारच्या खुर्चीत, माझी पर्स मांडीवर घेऊन. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, जगावंसं वाटतं का तेही विचारलं. सगळं नीट सांगितलं. मग लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "और कुछ लेती हैं आप? आयुर्वेदिक, हर्बल, ऑनलाइन मँगाई हुई कोई कॅप्सूल? अच्छे से सोचकर बताइए, इसके साथ कुछ चीज़ें बहुत नुकसान करती हैं."

मी म्हटलं, "नहीं जी. कुछ नहीं."

वहिनी, मी त्या कॅप्सूल घेतेय. त्याच. कंपनी दुसरी, नाव दुसरं, पण तोच फुलांचा अर्क. हे गेल्यावर दोनेक महिन्यांनी मोबाइलवरून मागवल्या. डॉक्टरकडे जायची लाज वाटत होती, आणि वाटलं, पूर्वी झोप लागली होती, परत लागेल. कपाटात यांच्या स्वेटरांच्या मागे ठेवते. डबा रिकामा झाला की वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या कचऱ्यात नेऊन टाकते, कामवालीला दिसू नये म्हणून.

तुझ्या वेळी त्या सगळ्या बाटल्या अविनाशनेच पोत्यात भरून नेल्या होत्या. मला म्हणाला होता, "आई, शपथ घे, ही वस्तू घरात परत येणार नाही." मी शपथ घेतली होती. कानाला खडा लावला होता. आता तोच शेजारी बसलेला, माझी पर्स धरून, आणि डॉक्टर विचारतायत. मला सगळं माहीत होतं. ती गोळी आणि ही कॅप्सूल एकत्र गेली तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तुझे पाय कॉटवर कसे उडत होते ते बघितलंय. जगात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं मला माहीत होतं, आणि तोंडातून आलं, नहीं जी.

ते किती सहज आलं, याचंच मला नवल वाटतंय. जराही अडखळले नाही. वर हसलेसुद्धा.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. अविनाशने खालच्या केमिस्टकडून आणली, मला जेवायला घातलं, "आजपासून सुरू कर हं" म्हणाला आणि गेला. पट्टी समोर टेबलावर आहे. अजून घेतलेली नाही. कॅप्सूलही काल आणि आज घेतलेली नाही. दोन्ही तशाच ठेवून मी तुला लिहितेय. अविनाशचा रोज फोन येतो, "घेतलीस?" मी म्हणते, घेतली.

बघ, त्यालाही खोटं.

पद्मा

द्वारका, ७ एप्रिल २०१९

प्रिय वहिनी,

काल पाडवा झाला. मागचं पत्र मी शेवटी पाठवलं, मिळालं असेल. घाबरू नकोस, मी ठीक आहे. आधी तेच सांगते.

त्या पत्रानंतर मी मेट्रोने एकटीच जनकपुरीला गेले. अविनाशला सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, अपॉइंटमेंट नहीं है, पर मिलना ज़रूरी है. बसून राहिले. आत गेले आणि कॅप्सूलचा डबा पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "डॉक्टरसाहब, उस दिन मैंने झूठ बोला था." मग रडू आलं. किती वेळ रडले कोण जाणे, त्यांनी घाई केली नाही.

मला वाटलं होतं रागावतील. पढीलिखी होकर, वगैरे. त्यांनी डबा उलटा करून वाचला, मला विचारलं की शेवटची कधी घेतली, गोळी एकही घेतली नाही ना याची खात्री करून घेतली. म्हणाल्या, अच्छा किया. ही कॅप्सूल बंद, आता काही दिवस मध्ये जाऊ द्यायचे, मी सांगेन तेव्हा गोळी सुरू करायची. आणि एकदा सुरू झाली की मनाने बंद करायची नाही. गेल्या आठवड्यात सुरू झाली. थोडं मळमळतं. त्या म्हणतात, होतं तसं पहिल्यांदा.

पण मी तुला लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. निघताना मी म्हटलं, माफ कीजिए, आपने तो पूछा था, मैंने ही नहीं बताया. तर त्या म्हणाल्या, "नहीं आंटी, गलती मेरी भी है. बेटे के सामने मुझे पूछना ही नहीं चाहिए था. वो पूछना थोड़े ही हुआ."

एवढंच म्हणाल्या. पुढचा पेशंट आत आला. मी मेट्रोत बसले, द्वारका आलं, पण मी उतरलेच नाही. शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले आणि तिथेच बाकावर बसून राहिले.

वहिनी, मला तो हॉल दिसला. मी तीन वर्षं तो डोळ्यांपुढे आणतेय, पण माझ्या बाजूने. मी उभी, हातात ट्रे, सगळ्या हसतायत. त्या दिवशी पहिल्यांदा मी सोफ्यावरून बघितलं. तुझ्या जागेवरून. डाव्या हाताला विजयालक्ष्मीबाई, अहिल्येचं जमत आलेलं, आणि समोर नणंद उभी राहून म्हणतेय, वेड्याच्या डॉक्टरकडे जात नाहीस ना. तू काय म्हणणार होतीस? हो म्हणणार होतीस? मुलाच्या मावशीसमोर? आणि त्या बायकांना मी आधीच हसवून ठेवलं होतं. वाण परत करता येत नाही, त्याला नाही म्हणता येत नाही, हेही मला माहीत होतं. ओटी पुढे करण्यावाचून तुला जागाच ठेवली नव्हती मी.

तू घरी जाऊन ती कॅप्सूल का घेतलीस, हे मला पूर्वी कोडं वाटायचं. नुसती ठेवून द्यायची होती. आता वाटतं, मीच तर रोज येऊन विचारत होते, "घेतलीस का? फरक पडला का?" बाटलीतल्या मोजून बघत होते. दुकानदारी अंगात आली होती. तुला वाटलं असेल, नणंदेचं मन मोडायला नको, फुलांचं तर आहे. बाटलीवरची ती बारीक अक्षरं मी वाचली होती, तुला वाचून दाखवली नव्हती. ती मी थट्टेत सांगितली.

आणि मी म्हणत होते, तुला काय कमी होतं. किती दुपारी तुला ओढून सरोजिनीला नेलं मी. तू त्या गर्दीत माझा हात धरून चालायचीस, आणि मी भाव करण्यात गुंग. एकदा तू म्हणाली होतीस, "पद्मा, जरा बसूया का कुठेतरी? मला काही बोलायचंय." मी म्हटलं, "घरी जाऊन बोलू, आधी हे पांढरं बघ." घरी जाऊन आपण बोललो नाही. हे मला परवा आठवलं आणि तेव्हापासून काही गोड लागत नाही. मला फार वाईट वाटतंय, वहिनी. अहिल्येचं लग्न मोडलं ते माझ्या तोंडामुळे मोडलं. तुझ्या गोळ्यांचं कळून विजयालक्ष्मीबाईंनी स्थळ मागे घेतलं तेव्हा मी त्यांना नावं ठेवली, तुला नावं ठेवली, मनात. एकदाही स्वतःकडे बोट वळवलं नाही.

काल मंडळात पाडव्याचा कार्यक्रम होता. गेले. पानिपतच्या बसमधल्या त्या दोघी होत्या. नवीने मला ओळखलं असावं, कुणीतरी सांगितलं असेल, कारण ती वरमली. मग धीर करून जवळ आली आणि म्हणाली, "काकू, त्या दिवशी आम्ही बोललो ते तुम्ही ऐकलंत का? खरं काय झालं होतं? लोक म्हणतात तुम्ही न विचारता दिलं, हेमलताकाकू म्हणतात विचारलं होतं." हेमलता माझी बाजू घ्यायला निघाली होती, बघ. साक्षीदार उभा होता. इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

मी म्हटलं, "नाही गं. मी विचारलं नव्हतं."

हेमलता बघतच राहिली.

माझी मागणी मी मागे घेते, वहिनी. दादाला काही सांगू नकोस. त्याने तुझ्या कॉटपाशी विचारलं होतं, "अरुणा, हिने तुला विचारलं होतं?" आणि तू छताकडे बघत मान हलवलीस. मी तीन वर्षं धरून बसले की तू खोटं बोललीस. तू खोटं बोलली नव्हतीस. तू जे झालं तेच सांगितलंस, आणि तुला तरी ते पूर्ण कळलं होतं की नाही देव जाणे, पण मला कळायला इतका वेळ लागला.

अविनाशला मी सगळं सांगितलं. कॅप्सूलचं, शपथेचं. तो माझ्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मी पुढच्या वेळी बाहेर बसतो."

आता दुपार आहे. घरात मी एकटी आहे. दार लावलंय, टीव्ही बंद आहे, कामवाली येऊन गेली. तू वाचतेस तेव्हा दादा जवळ असेल तर नंतर वाच. हे मी कुणाला सांगणार नाही, तुझ्या उत्तराचं काही करणार नाही, आणि नाही दिलंस तरी माझा राग नाही.

वहिनी, तू कशी आहेस? अजून गोळ्या घ्याव्या लागतात का?

तुझी
पद्मा